२८ चौरस फुटांचा हिशेब: कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटमधलं बाथरूम

आईच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला लागून जे बाथरूम आहे, ते ४ बाय ७ फुटांचं. इमारत १९९३ ची, चार मजली, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. २०२४ च्या ऑगस्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि दारातूनच म्हणाले, "वहिनी, आमच्या छताला परत ओल आलीय."

त्यातला 'परत' मला लागला. पाच वर्षांपूर्वीही अशीच ओल आली होती. तेव्हा आम्ही ४,००० रुपये देऊन टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट भरून घेतलं आणि विषय संपला असं समजलो. मधल्या काळात काकांनी दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा त्याचे पापुद्रे निघाले. या वेळी एका जागी प्लास्टरच पडलं होतं आणि आतली गंजलेली सळई दिसत होती. तो गंज पाहिल्यावर सांधे भरून भागणार नाही हे मला कळलं.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे या कामाची टाचणीसुद्धा वहीत लिहिलेली आहे. ती वही इथे उघडते आहे, कारण सुरुवातीला मी लोकांना विचारत फिरले तेव्हा "लाखभर लागतील" आणि "तीन लाखांच्या खाली होत नाही" अशी दोनच उत्तरं मिळाली. ती दोन्ही खरी कशी असू शकतात, हे कोणी सांगितलं नाही.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधलं

तोडफोडीपूर्वी आम्ही दोन महिने थांबलो. बाथरूमची एक भिंत बाहेरची आहे, म्हणून पाणी पावसाचं की आमचं हे आधी ठरायला हवं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस संपला तरी डाग सुकला नाही. मग आईने चार दिवस ते बाथरूम बंद ठेवून बाहेरचं वापरलं. तेवढ्यात खालचा डाग कडेने सुकायला लागला. नळाची लाइन फुटली असती तर तिच्यात सतत दाब असतो, त्यामुळे वापर थांबवूनही ओल तशीच राहिली असती. वापर थांबल्यावर ओल कमी होते, याचा अर्थ गळती सांडपाण्याच्या बाजूला किंवा फरशीखाली.

शेवटची खूण प्लंबरने केली. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीवरचं पाणी ज्या जाळीखालून पाइपात जातं त्या भांड्यात (पुण्यातले सगळे प्लंबर त्याला 'नाणी ट्रॅप' म्हणतात) त्याने कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी काकांच्या छतावर, ओलीने फुटलेल्या पांढऱ्या क्षारांच्या कडेला, फिकट निळी छटा आली. या सगळ्या तपासाचा खर्च ५०० रुपये व्हिजिट आणि निळीची एक बाटली. पुढे जे काही पैसे वाचले, ते या तपासामुळेच.

इथे जुन्या इमारतींची रचना समजून घ्यायला हवी. त्या काळच्या बांधकामात बाथरूमखालचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली टाकत. त्याला 'संक' म्हणतात. त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप, ट्रॅप वगैरे बसवून वरून विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरायचा आणि त्यावर फरशी. ट्रॅपचा जोड एकदा सैल झाला की पाणी आधी या कोब्यात मुरतं. फूटभर जाडीचा विटांचा थर वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवतो आणि थोडं थोडं खाली सोडत राहतो. वरून टाइल मात्र कोरडी आणि चकचकीत दिसते. सांधे भरून आमचं काही झालं नाही, ते यामुळे.

तीन अंदाजपत्रकं

तिघांना बोलावलं. पहिल्याने ७८,००० सांगितले. त्याच्या कामात तोडफोडच नव्हती: जुन्या टाइलवर अॅडहेसिव्हने नवी टाइल, नवे नळ, नवं कमोड. दुसऱ्याने १,३५,००० लिहून दिले, फरशी फोडून, वॉटरप्रूफिंगसह. तिसऱ्याचं २,४०,००० होतं, डिझाइनच्या रंगीत चित्रासह, आणि खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा'. १८ टक्के धरले की ते २,८३,२०० होतात.

पहिला पर्याय आईला आवडला होता, कारण चार दिवसांत काम संपणार होतं. पण गळती टाइलच्या खाली असताना टाइलवर टाइल लावणं म्हणजे फुटक्या माठाला बाहेरून रंग देणं. शिवाय फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, दार घासायला लागतं. ज्यांच्याकडे गळती नाही आणि नुसतं रूप बदलायचं आहे, त्यांच्यासाठी हा पर्याय वाईट नाही. आमच्यासाठी तो नव्हता.

दुसऱ्याचं पत्रक मी ओळ न् ओळ वाचलं. त्यात कमोड नव्हतं, नळ नव्हते, गीझरची वायरिंग नव्हती, दार नव्हतं, राडारोडा उचलणंही नव्हतं. हे सगळं मिळवलं की तेही दोन लाखांच्या वर जात होतं. म्हणजे ७८ हजार, १ लाख ३५ हजार आणि २ लाख ८३ हजार हे एकाच कामाचे तीन भाव नव्हतेच. ती तीन वेगवेगळी कामं होती आणि तिन्हींच्या डोक्यावर 'बाथरूम रिनोव्हेशन' एवढंच लिहिलेलं होतं. म्हणून आकडे बाजूला ठेवून मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: संकमधला कोबा पूर्ण काढणार का? पहिला नाही म्हणाला. तिसरा म्हणाला, "लागला तर काढू, त्याचं एक्स्ट्रा." दुसरा म्हणाला, "ताई, काढल्याशिवाय मी वॉटरप्रूफिंगची जबाबदारी घेणार नाही." काम दुसऱ्याला दिलं, पण मजुरीवर. माल आम्ही आणायचा असं ठरलं.

मजुरीचे पैसेही टप्प्यांत बांधले: सुरुवातीला २० टक्के, पाणी भरून ठेवण्याची चाचणी पार पडल्यावर ३०, टाइल झाल्यावर ४० आणि उरलेले १० टक्के महिनाभर वापर झाल्यानंतर. तो आधी निम्मे मागत होता. दुसरा टप्पा चाचणीला बांधलाय हे पाहिल्यावर थोडा थांबला, मग तयार झाला.

फोडल्यावर

सोसायटीची लेखी परवानगी घेतली, १०,००० रुपये अनामत भरली. आमच्याकडे ठोकाठोकीची वेळ सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६. यामुळे दोन दिवसांची तोडफोड चार दिवस चालली. हे अंदाजात कोणीच धरत नाही, आणि सोसायटीची वेळ पाळायलाच हवी, वरच्या मजल्यावर दहावीचा मुलगा होता.

कोबा निघाला तो ओलाचिंब. तळाशी तर चिखलच होता. ट्रॅप आणि पाइप यांच्या जोडात माझी करंगळी जाईल एवढी फट होती. भिंतीतले जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप आतून गंजाने इतके भरले होते की पाणी जायला पेन्सिलीएवढी जागा उरली होती. आई कित्येक महिने म्हणत होती की बादली भरायला वेळ लागतो, आणि आम्ही तो सोसायटीच्या टाकीचा दोष समजत होतो.

मग राडारोडा. २८ चौरस फुटांच्या खोलीतून ९४ गोणी निघाल्या. फूटभर कोबा, चारी भिंतींचं प्लास्टर, टाइल्स, सगळं मिळून सहज दोन टनांच्या वर. लिफ्ट नाही. गोणी खाली नेण्याचे प्रत्येकी ३० रुपये, म्हणजे २,८२० आणि छोट्या टेम्पोच्या तीन खेपा. एक टेम्पोवाला ९०० रुपयांत खेप करायला तयार होता. कुठे टाकणार विचारल्यावर म्हणाला, "नदीकडेला, रात्री." त्याला नाही म्हटलं. बांधकामाच्या कचऱ्याचे २०१६ चे नियम तेव्हा लागू होते आणि त्यात तो नीट पोहोचवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्याची होती. वाघोलीला महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्पही आहे. क्षेत्रीय कार्यालयात विचारून दुसऱ्या टेम्पोने माल संकलनाच्या जागी पाठवला, खेपेला १,८०० रुपये. तीन खेपांत २,७०० रुपये जास्त गेले. मुठेच्या काठावर आधीच काय पडलंय ते रोज म्हात्रे पुलावरून जाताना दिसतं, त्यात आईच्या बाथरूमची भर नको होती.

रिकाम्या संकला आतून वॉटरप्रूफिंगचे दोन थर दिले. नवे पाइप जोडून झाल्यावर भरावासाठी विटांऐवजी सिपोरेक्सचे तुकडे वापरले. हा हलका ब्लॉक असल्याने जिथे विटांच्या कोब्याचं ओझं टनाच्या वर होतं, तिथे ते निम्म्याहून कमी झालं. तीस वर्षांच्या स्लॅबवर, त्यातही खालून सळई गंजलेल्या स्लॅबवर, एवढं वजन उतरलं हे मला फार मोलाचं वाटतं. सिपोरेक्स पाणी पितो, म्हणून त्याच्यावर पुन्हा उताराचा थर आणि वॉटरप्रूफिंग घ्यावं लागतं. ते घेतलं आणि भिंतींवर फूटभर चढवलं.

पाणी भरून ठेवण्याची चाचणी

ट्रॅपचं तोंड बंद करून चार इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. शेजारी एक बादली तितकीच भरून ठेवली आणि तिच्यावरही खूण केली. काही पाणी हवेत उडून जातंच. बादलीतलं किती उतरलं आणि फरशीवरचं किती, यातला फरक म्हणजे गळती. ही युक्ती मिस्त्रीची, आणि तिच्यासाठी मी त्याला मनापासून मानते.

दुसऱ्या दिवशी बादलीतलं पाणी जेमतेम रेघेखाली होतं, फरशीवरचं मात्र अर्धा इंच उतरलं होतं. नवं काम, तरी गळती. पाणी उपसून पाहिलं तर कमोडचा पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो, त्या कोपऱ्यातला थर प्लंबरच्या छिन्नीने दुखावला होता. त्या वेळी सगळे टाइल सुरू करायच्या घाईत होते. टाइल लावणारा दुसऱ्या दिवशी यायचा होता आणि तो गेला की पुढच्या आठवड्यात मिळणार. "एवढ्याने काही होत नाही, वरून टाइल येणारच आहे," असं प्लंबर म्हणाला. माझं मन त्या क्षणी डळमळलं होतं हे खरं. पण पैशांचा टप्पा चाचणीला बांधलेला होता, त्यामुळे कंत्राटदारालाच ती पार पाडायची होती. कोपरा पुन्हा केला. सामानाचे ३,५०० आम्ही दिले, मजुरी त्याने सोडली. दुसऱ्या वेळी पाणी ७२ तास ठेवलं. काका रोज रात्री टॉर्च घेऊन छत बघायचे आणि आईला फोन करायचे, "वहिनी, कोरडं आहे." काम सहा दिवस लांबलं.

बाकी काही विसरलं तरी चालेल, ही चाचणी कोणी सोडू नये असं मला कळकळीने वाटतं. त्यानंतर जे दिसत नाही ते पुन्हा बघायला सगळं फोडावं लागतं.

टाइल्स

भवानी पेठेत दोन शनिवार आणि एक रविवार टाइल्स बघण्यात गेले. भावाने व्हिडिओ कॉलवरून मत दिलं, वहिनीने दिलं, आत्याने दिलं. भिंतीसाठी गुजरातमधल्या मोरबीची फिकट राखाडी टाइल ठरली, ५८ रुपये चौरस फूट, वाया जाणारी धरून १५० फूट: ८,७००. जमिनीला खडबडीत, एक बाय एक फुटाची, ७० रुपयांची ३२ फूट: २,२४०. लहान टाइल मुद्दाम घेतली, कारण मोठी टाइल उताराला नीट बसत नाही. आमच्या जमिनीला ७ फुटांत १ इंच उतार आहे.

दोन्ही मिळून १०,९४०. घरातली सगळी चर्चा ज्यावर झाली, ती वस्तू एकूण खर्चाच्या सहा टक्केसुद्धा नव्हती. दुप्पट भावाची टाइल घेतली असती तरी अकरा हजारच वाढले असते. म्हणून टाइलच्या भावावरून स्वतःला फार त्रास देऊ नये, मनासारखी घ्यावी. बचत करायचीच तर जागा कमोडपाशी आहे. भिंतीतल्या टाकीसह लटकतं कमोड तिसऱ्या अंदाजपत्रकात होतं. आम्ही जमिनीवर बसणारं घेतलं, ११,८०० चं, आणि ते उत्तम चाललंय.

आई

आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि तिला बादली-तांब्यानेच आंघोळ लागते. तिसऱ्या अंदाजपत्रकातल्या चित्रात काचेचं पार्टिशन आणि छतातून पडणारा शॉवर होता. आई ते चित्र बघून म्हणाली, "छान आहे गं, पण माझा चौरंग कुठे ठेवू?" तिथेच पार्टिशन गेलं.

बाथरूम कोणाचं आहे हे त्या वाक्याने ठरलं आणि पुढचे निर्णय सोपे झाले. नळ दीड फुटाच्या वर घेतला, खाली बादली सहज बसावी म्हणून. चार इंचांचा उंबरा काढून पाऊण इंचाची ग्रॅनाइटची पट्टी केली. पुढचं पाणी अडवायला उतार आहे, उंबऱ्याची गरज नाही. कमोडशेजारी आणि चौरंगाच्या जागेपाशी स्टीलचे दोन दांडे. त्यांच्या जागा आईला प्रत्यक्ष उठायला-बसायला लावून, तिचा हात आपोआप जिथे गेला तिथे प्लास्टरवर खूण करून ठरवल्या. तिथे भिंत भरीव आहे याची खात्री करून मगच टाइल लावली. दार बाहेर उघडणारं केलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाने अडतं.

विजेचं काम मी आधी अंदाजात धरलंच नव्हतं. गीझरची जुनी वायर दिव्याच्या लाइनवरून घेतलेली निघाली. २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला स्वतःची जाड वायर हवी. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, करंट गळला तर क्षणात वीज तोडणारा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी ही चैन नाही.

वही

तोडफोड १४,०००. राडारोडा ८,२२०. प्लंबिंगचं सामान आणि मजुरी २९,५००. वॉटरप्रूफिंग, दुसऱ्यांदा केलेलं धरून, २२,०००. सिमेंट, क्रश सँड, सिपोरेक्स ९,५६०. त्यात १२ पोती सिमेंट होतं आणि तेव्हा त्यावर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला, पण एवढ्या कामात त्याने साडेतीनशे रुपयेच वाचले असते. टाइल्स, ग्रॅनाइट, अॅडहेसिव्ह आणि सांधे भरायचं इपॉक्सी ग्राउट १९,०४०. प्लास्टर आणि टाइल बसवायची मजुरी ठोक १८,०००. लहान बाथरूमला मिस्त्री फुटावर येत नाही, कारण क्षेत्र कमी असलं तरी कटाई तेवढीच. कमोड, बेसिन, नळ ३१,५००. दांडे २,६००. वायरिंग, १५ लिटरचा गीझर, एक्झॉस्ट १८,९००. दार ९,५००. आरसा आणि छताचा रंग ३,०००. काकांचं छत ८,५००.

एकूण १,९४,३२०.

आम्ही दीड लाख धरले होते. वर गेलेल्या ४४,३२० पैकी ३६,९०० हे दार, वीज आणि काकांचं छत या तीन गोष्टींचे, ज्या अंदाजात नव्हत्याच. उरलेल्यात ३,५०० त्या कोपऱ्याचे आणि ३,९२० बाहेरच्या उभ्या पाइपपासून आत येणाऱ्या सडलेल्या तुकड्याचे. म्हणजे ठरवलेल्या कामाचा अंदाज फारसा चुकला नव्हता, काम मोजायलाच आम्ही कमी पडलो होतो.

आणि ज्या ८३,२८० रुपयांचं आज डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणजे तोडफोड, राडारोडा, पाइप, वॉटरप्रूफिंग, भराव, ते एकूण खर्चाच्या ४३ टक्के आहेत. हा खर्च बाथरूम छोटं म्हणून फारसा घटत नाही. ट्रॅप एकच, कमोडचा पाइप एकच, प्लंबरचे दिवस तेवढेच. म्हणूनच "चौरस फुटाला किती?" या प्रश्नाला इथे अर्थ नाही. आमचा भाव काढला तर फुटाला ६,९०० च्या वर येतो आणि तो आकडा दुसऱ्या कोणाच्याही कामाचा नाही.

काकांचं छत

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने आणि फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. आमची गळती आतली होती, प्रश्नच नव्हता. काका फक्त रंगाचे पैसे मागत होते. पण सळई उघडी पडलेली असताना नुसता रंग देणं मला पटेना. सैल प्लास्टर काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने छत नीट केलं. ते काम मुद्दाम दोन महिन्यांनी, जानेवारीत केलं, कारण स्लॅब आतून सुकायला तेवढा वेळ लागतोच. आधी रंग दिला असता तर तिसऱ्यांदा पापुद्रे निघाले असते. या थांबण्याबद्दल काकूंची थोडी नाराजी होती. आईने त्यांना वर बोलावून नवं बाथरूम दाखवलं, चहा झाला, आणि ती निवळली.

रोखून ठेवलेले १० टक्के, ४,८०० रुपये, मी कंत्राटदाराला महिन्याने दिले. त्या दिवशी त्याने ट्रॅपची जाळी काढून आतला गुंता स्वतः साफ करून दाखवला आणि आईला म्हणाला, "आजी, हे महिन्यातून एकदा करायचं."

२०२५ चा पावसाळा कोरडा गेला, म्हणजे छताच्या बाबतीत. आता घरातलं दुसरं, बाहेरचं बाथरूम राहिलंय. तेही १९९३ चंच, ट्रॅपही त्याच वेळचा. त्याच्यासाठी दोन लाख बाजूला काढलेत. परवा त्याच्या ट्रॅपमध्ये नीळ टाकून आलेय, आणि काका रात्री टॉर्च घेऊन बघतायत.